शंभरात नऊ

फेबियनने आपली दोन पानं टेबलावर उताणी टाकली तेव्हा ती त्याच्या हातून निसटली असावीत, असंच निकोलसला वाटलं. इस्पिकचा राजा आणि बदामचा राजा. डावाला अजून खरी सुरुवातही झाली नव्हती. टेबलाच्या मधोमध सगळ्यांसाठी जी पाच पानं उघडतात, त्यातलं एकही उघडलं नव्हतं. निकोलसने फक्त आठ चिंचोके पुढे सरकवले होते. ऑस्करने त्याच्या आधीच पानं टाकली होती. व्हिव्हियनने निकोलसचा हात पुढे गेलेला बघितला आणि आपली टाकली. शेवटी फेबियनने, तपासून झालेल्या वह्या बाजूला ठेवाव्यात तसे, दोन्ही राजे बाजूला ठेवले. राजांची जोडी दोनशे एकवीस डावांतून एकदा येते. ती कुणी टाकत नाही, निदान मधलं एखादं पान बघितल्याशिवाय तर नाहीच. निकोलसच्या दोन पालथ्या पानांत किल्वरचा एक्का होता आणि चौकटचा एक्का होता. पोकरमध्ये याहून मोठी सुरुवात नाही, आणि तिच्यावर त्याला मिळाले तीन चिंचोके. पाळी येईल त्या दोघांना पानं न बघताच एक आणि दोन चिंचोके आधी टाकावे लागतात, तेवढेच. "हे काय?" तो म्हणाला. फेबियन चष्मा पुसत होता. "काय काय?" तो म्हणाला. "एक्के आहेत ना तुझ्याकडे?" निकोलसचा हात आपल्या पालथ्या पानांवर गेला. चौघांत वयाने लहान असलेला व्हिव्हियन खुर्चीत मागे रेलून हसला. "दाखवू नका अंकल, गरज नाय. आपण बघितले."

पहिल्यांदा निकोलसच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मग तो ताप मानेमागून खाली गेला आणि त्याला उगाचच वाटलं की आपल्या सदऱ्याची बटणं उघडी आहेत. त्याने हात लावून बघितलं. बटणं लागलेली होती. समोर ऑस्करच्या ओट्यावरची नेहमीची दुपार होती. विहिरीजवळच्या चिंचेची सावली कठड्यावर चढली होती, आतून ऑस्करच्या बायकोच्या, मटिल्डाच्या मिक्सरचा आवाज येत होता, गास गावातून पलीकडच्या गावाला जाणारी एखादी रिक्षा फाटकाबाहेर खडखडत होती. सगळं जागच्या जागी होतं आणि तरीही आपण या चौघांत नसून टेबलावर, त्या राजांशेजारी उताणे पडलो आहोत अशी काहीतरी विचित्र जाणीव त्याला झाली. त्याने आपले एक्के न दाखवता गड्डीत सरकवले. तीन चिंचोके उचलले. तीनच असताना आपण ते दोनदा मोजले हे त्याला जाणवलं आणि इतरांनाही दिसलं असणार हे कळलं. यांना काय काय दिसतं, असा विचार मनात आला आणि तो तिथेच थांबला.

चार वर्षांपूर्वीच्या नाताळात निकोलसचा मुलगा केनी कॅनडाहून आला होता तेव्हापासून हा खेळ. त्याआधी या ओट्यावर रमी चालायची. केनीने वडिलांना आणि त्यांच्या मित्रांना चार दुपारी बसवून पोकर शिकवला. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती बघायची आणि खेळायचं की टाकून द्यायचं ते ठरवायचं, बाकी सगळं त्याच्यानंतरचं, असं त्याने सांगितलं. पैसे लावायचे नाहीत असं मटिल्डाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, म्हणून ऑस्करच्या चिंचेचे चिंचोके आले. ज्याच्याकडे संध्याकाळी सगळ्यात कमी उरतील त्याने सगळ्यांचे चहाचे कप धुवायचे. चर्चमधली आठची मिस्सा, घरचं जेवण, थोडी झोप आणि तीन वाजता ओटा. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात पानांना हात लावायचा नाही, हाही त्यांचा नियम. आजचा रविवार म्हणजे बुधवाराआधीचा शेवटचा. संध्याकाळी गड्डी बिस्किटांच्या डब्यात जाणार, डबा मटिल्डाच्या कपाटात, आणि मग चाळीस दिवस हे चौघे रस्त्यात भेटले तर केळीच्या भावाबद्दल आणि टँकरबद्दल बोलणार. केनीने जाताना वडिलांना एक छापील तक्ता दिला होता. दोन पानांच्या एकशे एकोणसत्तर जाती: तेरा जोड्या, अठ्ठ्याहत्तर एका रंगाच्या, अठ्ठ्याहत्तर दुरंगी. खेळण्यालायक चौकोन हिरवे केले होते. डॅडी, टेबलावर चौघेच आहात, शंभरात पंचवीस-तीस तरी डाव खेळायला पाहिजेत, असं तो म्हणाला होता. निकोलसने त्या रात्री तक्ता चष्मा लावून वाचला आणि दुसऱ्या दिवशी लाल पेन्सिल घेऊन बसला. हे कशाला, हे धोक्याचं, हे दिसायला बरं पण आतून पोकळ, असं करत त्याने हिरवे चौकोन खोडत नेले. उरले एकोणीस. हिशेब केला तर शंभरात नऊ डाव. त्या एकोणिसांबाहेरचं पान चार वर्षांत त्याने एकदाही खेळलं नाही. हातात काही नसताना असल्याची थाप मारली नाही, मोहाला बळी पडला नाही. रविवारच्या सत्तर डावांत तो सहा-सात वेळा पुढे झाला आणि उरलेल्या वेळी शांतपणे पानं टाकून चहा प्यायला. कप त्याला कधीच धुवावे लागले नाहीत. या गोष्टीचा त्याला अभिमान होता, आणि तो अभिमान आहे हे त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं, असं त्याला आत्तापर्यंत वाटत होतं.

त्याला यात नवीन काही शिकावं लागलं नव्हतं. एकतीस वर्षं तो सातिवलीच्या एका पंपाच्या कारखान्यात तपासनीस होता. सकाळी मशीनवरून उतरलेले सुटे भाग ट्रेमध्ये त्याच्या टेबलावर यायचे. त्याच्या हातात गेज असायचं, दोन टोकांची पोलादी कांडी. एक टोक भोकात जायलाच हवं, दुसरं जाता कामा नये. दोन्ही जमलं तर भाग पास. गेज जे सांगू शकत नाही ते त्याचा अंगठा सांगायचा. काठावरून अंगठा फिरवला की केसाएवढी राहिलेली धारही त्याला कळायची, आणि नवीन लागलेली पोरं त्याच्या अंगठ्याकडे देवळातल्या वस्तूसारखी बघायची. त्याने पास केलेला माल कधी परत आला नाही. मालक म्हणायचे, निकोलसची सही असली की डोळे मिटून गाडी भरा. पण टेबलाच्या डाव्या हाताला तिसरं एक फडताळ होतं. जो भाग पासही करता येत नाही आणि फेकताही येत नाही, त्याला पिवळं लेबल लावून तिथे ठेवायचं. पुन्हा बघू, असा त्याचा अर्थ. त्या फडताळावरचा कुठलाही भाग पुन्हा कुणी बघितल्याचं निकोलसला आठवत नव्हतं. वर्षअखेरीला माणसं यायची आणि सगळं फडताळ भंगारात रिकामं करायची. पिवळ्या लेबलांसकट.

"वाईट वाटून घेऊ नको," ऑस्कर म्हणाला. तो पानं गोळा करत होता. ऑस्कर आणि निकोलस एकाच वर्गात होते, एकाच वर्षी दोघांची लग्नं झाली, निकोलसचं रोझलिनशी. "तू डावात आलास की आम्ही निघतो. आजचं नाही, पहिल्या वर्षापासून. तू शंभरदा टाकतोस आणि एकदा येतोस, मग माणसाला कळणार नाही काय? तुझे चिंचोके तुझ्याकडे राहतात, आमचे आमच्याकडे. सगळ्यांचं बरं चाललंय." निकोलसने विचारलं, मग इतक्या दिवसांत कुणी बोललं का नाही. ऑस्कर पानं पिसत राहिला. त्याच्या स्वरात चेष्टा नव्हती, म्हणूनच पुढचं वाक्य इतकं सहज बाहेर पडलं. "बोलून काय? तू म्हणणार, बघू. रोझलिन पण गाडीत मटिल्डाला तेच म्हणाली. त्याला विचारून काय, तो म्हणणार बघू."

पिसणारे हात थांबले. फेबियनने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि लगेच काढला. व्हिव्हियन मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागला. आतला मिक्सर कधीच बंद झाला आहे हे निकोलसला तेव्हा कळलं. कुठल्या गाडीत, असं त्याने विचारलं. मंगळवारी रोझलिन मटिल्डाबरोबर वसईला गेली होती, पडद्याचं कापड बघायला. संध्याकाळी आली तेव्हा म्हणाली, मनासारखं मिळालं नाही. निकोलस पेपर वाचत होता. नसेल मिळालं तर नसेल मिळालं, पुन्हा कधीतरी बघू, असं तो म्हणाला होता. "ऑस्कर," तो म्हणाला, "कुठल्या गाडीत?" ऑस्करने गड्डी खाली ठेवली. "घरी जा तू. तिलाच विचार." निकोलस उठला नाही. मला तू सांग, असं तो दोनदा म्हणाला, दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा हळू. मग ऑस्करने सांगितलं. रोझलिनच्या उजव्या छातीत गाठ आहे. मंगळवारी मुंबईच्या हॉस्पिटलात सुई घालून तुकडा काढला. मटिल्डा सोबत होती, गाडी त्याने स्वतः चालवली. रिपोर्ट बुधवारी मिळणार आहे. पहाटे साडेपाचला निघायचं ठरलंय. हे सगळं ऑस्करने कठड्यावर चढलेल्या सावलीकडे बघत सांगितलं, आणि सांगून झाल्यावर, काहीतरी म्हणायला हवं म्हणून, आज कप आम्ही धुतो असं म्हणाला. कप निकोलसने कधीच धुतले नव्हते.

घरी जायला मोठा रस्ता होता, पण त्याचे पाय वाडीतल्या वाटेला लागले. दोन्ही बाजूंना पानवेली, मग केळी, मग बावखल, वाडीच्या शिंपण्याचं छोटं तळं. बावखलाचं पाणी फेब्रुवारीत असतं तसं अर्ध्यावर आलं होतं आणि काठाच्या दगडावर शेवाळाची सुकलेली रेघ दिसत होती. तिथे तो उभा राहिला. गाठ हा शब्द त्याच्या डोक्यात शिरतच नव्हता, त्याऐवजी दुसरीच एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत होती आणि ती पुसता येत नव्हती. नोव्हेंबरची सकाळ. मृतांच्या दिवसासाठी आईवडिलांच्या थडग्यावर फुलं न्यायची होती. रोझलिन न्हाणीतून बाहेर आली आणि खोलीच्या दारात उभी राहिली. केस ओले होते, गाऊन एका हाताने धरलेला. तो कपाटाच्या बिजागरीला तेल घालत होता. "जरा बघ ना," ती म्हणाली, "इथे काही लागतंय का. तुझ्या अंगठ्याला कळेल." ती हे हसत म्हणाली होती. एकतीस वर्षं घरात त्या अंगठ्याची थट्टा होत आली होती. नारळ चांगला की नासका, भिंतीत ओल आहे की नाही, सगळ्याला अंगठा. त्याने मान वर केली. हात तेलकट होते हे खरं, पण पुसायला फडकं खांद्यावरच होतं. काय म्हणालो आपण? असतं काहीतरी, महिनाभर बघू, वाढतंय का ते. अगदी याच शब्दांत. त्या क्षणी ते त्याला शहाणपणाचंच वाटलं होतं. घाईने काही ठरवू नये, एवढंच त्यात होतं. रोझलिन थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग केस पुसायला लागली. दुसऱ्यांदा नाताळच्या आधी. करंज्या तळताना, पाठमोरी असताना ती म्हणाली, ते अजून आहे हं. तो म्हणाला, सण होऊ दे. आणि तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ती काहीतरी म्हणाली होती, जानेवारीत, हे त्याला नक्की आठवत होतं. ती कुठे बसली होती ते आठवत होतं, तिच्या मांडीवरची वालाच्या शेंगांची पाटी आठवत होती. आपण काय म्हणालो ते आठवेना. बावखलाच्या काठावर उभा राहून त्याने बराच प्रयत्न केला. चार वर्षांपूर्वीच्या रविवारी आलेली पानं त्याला आठवत होती, कुठल्या बॅचमधले किती भाग नापास केले ते आठवत होतं, आणि हे आठवत नव्हतं. काहीच म्हणालो नसू. पिवळं लेबल लावताना माणूस बोलत नाही.

त्याला आणखी एक गोष्ट कळली आणि तिने पहिल्यापेक्षा जास्त दचकवलं. चौथ्यांदा तिने विचारलंच नाही. ती रडली नाही, भांडली नाही, तिने फक्त त्याला मोजणीतून वगळलं. फेबियनने वगळलं, ऑस्करने वगळलं, केनीनेही बहुधा. गेल्या वर्षी त्याने तिकडे घर घेतलं ते त्यांना फोटो आले तेव्हा कळलं होतं. आपण टेबलावर बसलेलो असतो, आपल्याला पानं वाटली जातात, आणि उरलेले लोक आपल्याला सोडून खेळत असतात. हे किती वर्षं? लग्नाच्या आधी रोझलिनच्या घरी होकार कळवायला त्याने आठ महिने लावले होते. त्याच्या मावशीने तीनदा जाऊन मुलीची चौकशी केली होती. केनी पहिल्यांदा कॅनडाला निघाला तेव्हा तो विमानतळावर गेला नाही, उड्डाण लांबलं तर रात्र तिथेच काढावी लागेल म्हणून. त्या प्रत्येक वेळी तो बरोबर होता. उड्डाण खरंच पाच तास लांबलं होतं. त्याने ते सगळ्यांना सांगितलंही होतं, आणि रोझलिनने नुसती मान हलवली होती. विमानतळावर ताटकळून तिचे पाय सुजले होते.

घराचं मागचं दार उघडं होतं. रोझलिन पुढच्या खोलीत स्टुलावर चढलेली होती. येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे गेल्या झावळ्यांच्या रविवारची झावळी खोचलेली होती. बुधवारी कपाळाला लावायची राख जुन्या झावळ्या जाळूनच करतात, तेव्हा घरोघरच्या झावळ्या मंगळवारपर्यंत चर्चमध्ये आणून द्या, असं फादरनी सकाळीच वेदीवरून सांगितलं होतं. ती डावा हात वर करून झावळी ओढत होती. हात पुरत नव्हता. उजवा हात तिने अंगाशी धरला होता, कोपरात वाकवून, पाखराने पंख धरावा तसा. निकोलस दारात उभा राहिला. मंगळवारपासून ती वरच्या फळीवरचा डबा डाव्या हाताने काढत होती. वेणी घालत नव्हती, नुसता अंबाडा. मिस्सेत शेजारणीला शांतीचा हात देताना तिने आज नुसती मान झुकवली होती. हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं होतं. एकतीस वर्षं ज्याला बघण्याचा पगार मिळाला, त्याच्या डोळ्यांसमोरून.

"आलास लवकर," ती मागे न बघता म्हणाली. "स्टूल धर जरा, हलतंय."

त्याने स्टूल धरलं. तिच्या साडीला वालाच्या सालींचा वास येत होता. वाडीतून येताना त्याने बरंच काही जुळवलं होतं. मी चुकलो, तू मला सांगायला हवं होतंस, मी तीनदा ऐकलं नाही, अशी वाक्यं. त्यातलं एकही निघालं नाही. "बुधवारी मी येतो," तो म्हणाला.

वरचा हात थांबला. ती सावकाश वळली, स्टुलावरच, आणि तसबिरीच्या खालच्या भिंतीला पाठ टेकून त्याच्याकडे बघू लागली. कुणी सांगितलं हे तिने विचारलं. ऑस्करने, असं तो म्हणाला. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. राग आलाही असेल, पण त्याच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. तिचा रंग आधी ओठांवरून गेला, मग गालांवरून. तिने झावळी सोडून दिली.

"किती आहे रे?" ती म्हणाली.

"काय किती?"

"तू येतोयस म्हणजे तुला काहीतरी कळलंय. डॉक्टरीणबाईंचा फोन आला ना ऑस्करला? खरं सांग. मी आता घाबरणार नाही."

त्याला क्षणभर समजेना ती काय म्हणते आहे. मग समजलं. त्याने दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं. कुणाचा फोन आला नाही, असं तो म्हणाला. मला काही माहीत नाही, रोझलिन. रिपोर्ट बुधवारीच मिळणार. मला खरंच काही माहीत नाही. ती ऐकत होती, आणि तिचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत असे फिरत होते की ती आपल्याला वाचते आहे हे त्याला कळत होतं. "माहीत नसताना तू कधी कुठे आलास?" ती म्हणाली. तिने टोमणा मारला नव्हता. ती खरोखर एखादी वेळ आठवून बघत होती. तोही बघत होता. लग्नाच्या चौतीस वर्षांत एकही सापडत नव्हती.

"त्या बाई म्हणाल्या होत्या, दहांतल्या आठ गाठी साध्याच असतात," ती म्हणाली. आवाज एका पट्टीत होता. "दहांतल्या आठ. मंगळवारपासून मी तेवढंच धरून बसले होते. मटिल्डाला पण सांगितलं, बघ, आठ म्हणजे खूप झाले. रात्री जाग आली की मोजायचे, एक साधी, दोन साध्या." ती थांबली. "तुला नव्हतं सांगायचं ते यासाठीच. तू बघू म्हणाला असतास, तर मला झोप लागली असती. बघू म्हणालास म्हणजे काही नाही, हे मला माहीत आहे. पण तू येतो म्हणालास."

इस्पिकचा राजा, बदामचा राजा. ते इथेही उताणे पडले होते. एवढा वेळ जपून धरलेली चांगली पानं तिने खाली ठेवली होती, एकही पान उघडायच्या आधी, केवळ तो पुढे झाला म्हणून. ज्याने चार वर्षांत आणि त्याआधीच्या सगळ्या वर्षांत खात्री असल्याशिवाय पाऊल टाकलं नाही, त्याचं पाऊल म्हणजे खात्री. ते दुसरं काही असूच शकत नाही. आपण तिच्या सोबतीला जातो आहोत असं त्याला वाटलं होतं, आणि त्याच्या त्या एका शब्दाने तिला रिपोर्ट वाचून दाखवला होता, खोटा रिपोर्ट, त्याच्या सहीचा. निकोलसची सही असली की डोळे मिटून. आता तो जितकं समजावेल तितकी तिची खात्री पटेल. मी प्रेमाने येतोय असं म्हटलं तर ती संपलीच. त्याने खिशात हात घातला तर बोटांना तीन चिंचोके लागले. ते ओट्यावर ठेवून यायचे असतात, रविवारचे चिंचोके कुणी घरी नेत नाही. ते आपल्या खिशात कसे आले ते त्याला आठवेना. गुळगुळीत, थंड. अंगठा सवयीने काठावरून फिरला.

चार वर्षांत त्याने एकदाही थाप मारली नव्हती. केनी म्हणाला होता, डॅडी, तुमच्यासारखा माणूस आयुष्यात एकदाच खोटं खेळला तर जग त्यावर विश्वास ठेवेल. तेव्हा निकोलसला ते आवडलं नव्हतं. खोटं खेळायला हातातलं पान नाही, चेहरा लागतो, आणि आपला चेहरा कसा असतो हे त्याला कधी बघावंच लागलं नव्हतं. त्याने चेहऱ्यावरची कातडी सैल सोडली. बिजागरीला तेल घालताना ती कशी असेल, पेपर वाचताना कशी असेल, ते आठवून तशी केली. खांदे खाली केले. खिशातला हात बाहेर काढला.

"अगं, येतो म्हणजे," तो म्हणाला, "ऑस्कर म्हणाला, ये. मी म्हटलं, ये काय ये. साडेपाच म्हणजे फार लवकर होतं. आणि गाडीत तीन माणसं असली की पुरे." तो थांबला. हे थांबणं नेहमीएवढं लांब हवं होतं, त्याने ते मनात मोजलं. "बघू."

तिने त्याच्याकडे बघितलं. तो स्टुलाच्या पायाकडे बघत होता, जिथे एक खिळा वर आला होता. त्याच्या छातीत इतकं धडधडत होतं की लाकडातून ते तिच्या तळव्यांना कळेल अशी त्याला भीती वाटली. बाहेर कुणाचा तरी पंप सुरू झाला. बऱ्याच वेळाने वरून श्वास सुटल्याचा आवाज आला, पूर्ण, तळापासून. "बघू तर बघू," ती म्हणाली. तिच्या आवाजात थोडा रंग परत आला होता, थोडा जुना कंटाळाही. "मला वाटलंच." ती वळली, पुन्हा तसबिरीकडे. डावा हात वर गेला. या वेळी त्याने स्टूल एका हाताने धरून दुसऱ्या हाताने तसबिरीचा खालचा काठ पुढे ओढला आणि झावळी सुटून तिच्या हातात आली. वर्षभरात ती वाळून पिवळी पडली होती, टोकाला विणलेला छोटा क्रूस मात्र शाबूत होता. धूळ दोघांच्याही डोक्यावर पडली.

तो मनात बुधवारची जुळवाजुळव करत होता. गजर पावणेपाचचा लावायचा. निळा सदरा मंगळवारी दुपारी, ती चर्चमध्ये गेली की, इस्त्री करून ठेवायचा. साडेपाचला ऑस्करच्या फाटकापाशी आधीच जाऊन उभं राहायचं, म्हणजे तिला काही वाचायला वेळच मिळणार नाही. त्यानंतर काय, हे त्याला माहीत नव्हतं. दहांतले आठ, दहांतले दोन. कुठल्याच तक्त्यात हा चौकोन नव्हता.

"ही चर्चात कोणीतरी नेऊन द्यायला पाहिजे," झावळी झटकत ती स्वतःशीच म्हणाली. ती त्याला विचारत नव्हती. घरातली अशी कामं ती त्याला विचारून करतच नसे. "जाळायला लागेल त्यांना."

"मी नेतो," निकोलस म्हणाला.

वाक्य तिच्या वाक्याला चिकटूनच बाहेर पडलं. मध्ये श्वासाएवढीही जागा नव्हती. बोलून झाल्यावर ते त्याच्या कानावर आलं, आणि बघू न म्हणता आपण आपली पानं उताणी टाकली हे त्याला कळलं.

रोझलिन वळली नाही. झावळी हातात धरून, भिंतीकडे तोंड करून ती तशीच उभी राहिली. पंप बंद झाला. तिच्या पाठीवर, अंबाड्याखाली, धुळीची एक बारीक रेघ पडली होती. आता ती काय म्हणेल याची तो वाट बघत होता, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला तिचं पुढचं वाक्य माहीत नव्हतं. खाली उतरण्यासाठी तिने एक पाय मोकळा केला, आधाराला हात शोधला, आणि जो हात ती मंगळवारपासून अंगाशी धरून होती, तो उजवा, दुखरा हात तिने सावकाश उचलून त्याच्या खांद्यावर ठेवला. दुखलं असणार. बोटं त्याच्या सदऱ्यात रुतली. मग तिने सगळा भार त्याच्यावर टाकला आणि उतरली.